मानेचा पट्टा आणि शस्त्रक्रिया: एका आधाराचा इतिहास

मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली की रुग्णाच्या गळ्याभोवती पट्टा बांधायचा, ही रीत रुग्णालयांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की जखमेवरच्या मलमपट्टीसारखाच तो उपचाराचा अटळ भाग असावा, असे रुग्ण आणि त्याचे नातेवाईक धरून चालतात. प्रत्यक्षात पट्टा शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जुना आहे. मणक्यांना शस्त्र लावण्याचे धाडस कोणी करीत नव्हते त्या काळी तोच मुख्य उपचार होता, पुढे तो शस्त्रक्रियेचा साहाय्यक झाला, आणि गेल्या चाळीसएक वर्षांत त्याचे बरेचसे काम हाडात बसवलेल्या धातूने आपल्याकडे घेतले. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पट्ट्याने बरे होण्यास मदत होते का, या प्रश्नाला सर्व काळांसाठी आणि सर्व रुग्णांसाठी एकच उत्तर देता येत नाही. मणके आतून किती पक्के धरले गेले आहेत, यावर बाहेरच्या आधाराची किंमत ठरत आली आहे, आणि हा संबंध नजरेआड करून केलेली पट्ट्याची भलावण जितकी चुकीची, तितकीच त्याची सरसकट हेटाळणीही.

मानेच्या कण्यात सात मणके असतात आणि साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके ते दिवसभर तोलून धरतात. मान डावी-उजवीकडे वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा करतो, तर पुढे वाकणे, मागे झुकणे आणि कलणे या हालचाली खालच्या मणक्यांत वाटल्या गेलेल्या असतात. पट्टा या मणक्यांना थेट धरू शकत नाही. वर हनुवटी, खालचा जबडा आणि कवटीच्या मागचा फुगवटा, तर खाली छातीचे मधले हाड आणि खांदे यांवर तो टेकतो; मधल्या भागात कातडी, स्नायू, श्वासनलिका आणि अन्ननलिका असल्यामुळे तेथे त्याला दाब देता येत नाही, आणि घास चावताना किंवा बोलताना जबडा हलला की वरचा टेकूही सैल पडतो. गळा आवळल्याशिवाय मान पूर्ण जखडता येत नाही, ही अडचण पट्टा बनवणाऱ्या प्रत्येक पिढीला भेडसावत आली आहे.

मानेच्या दुखापतींचे सर्वात जुने तपशीलवार वर्णन इजिप्तमधील एका पपायरसात सापडते. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ मध्ये लक्सर येथे विकत घेतलेला आणि जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांचा असून त्यातील ४८ प्रकरणांपैकी काही मानेच्या मणक्यांची आहेत. मान मुरगळली असेल तर उपचार करावा, पण मणका निखळून हातपाय लुळे पडले असतील तर हा आजार उपचारापलीकडचा मानावा, असा स्पष्ट निवाडा तेथे दिलेला आहे.

भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने याच विषयावर अधिक आशेने लिहिले. संहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा, म्हणजे भग्नांचा, स्वतंत्र अध्याय आहे, आणि मान पिळवटली गेली असेल किंवा खाली दबली असेल तर काय करावे याची कृती त्यात नेमकेपणाने सांगितली आहे. वैद्याने रुग्णाला मानेच्या मागच्या खळगीपाशी आणि जबड्यांपाशी धरून वर उचलावे, मान सरळ झाल्यावर तिच्याभोवती सारख्या अंतराने कुशा म्हणजे पातळ फळ्या ठेवाव्यात, त्यावर कापडी पट्टा गुंडाळावा आणि रुग्णाला सात रात्री उताणे निजवावे, असा तो क्रम आहे. कुशांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड अशा झाडांच्या साली आणि बांबू सुचवलेले आहेत. हे सगळे सामान पश्चिम घाटाच्या कोणत्याही वाडीच्या आसपास मिळावे असे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंधन सैल राहिले तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाले तर कातडीला सूज, वेदना व पाक होतो, हा इशारा त्याच अध्यायात दिलेला आहे, आणि थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंधन सोडून पुन्हा बांधावे असेही सांगितले आहे. विसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह ही संहिता छापली आणि तिचा अभ्यास करणाऱ्यांना हा मजकूर सहज हाती आला; परंतु आधुनिक रुग्णालयांतला पट्टा या परंपरेतून आलेला नाही. त्याचा वंश युरोपातला आहे, आणि त्याच्या मुळाशी अपघात नसून क्षयरोग आहे.

कण्याचा क्षय हा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील युरोपात मुलांचा मोठा शत्रू होता. या रोगात मणक्याचे हाड आतून पोखरले जाते, मणका पुढच्या बाजूने ढासळतो, पाठीला कुबड येते आणि मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मुख्य दोरावर, दाब पडून पाय लुळे पडतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केल्यापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. रोगावर औषध नव्हते, तेव्हा पोखरलेल्या हाडावरचा भार कमी करून निसर्गाला वेळ देणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. जर्मन शल्यविशारद लोरेन्झ हाइस्टर यांनी लोखंडी क्रूसाच्या आकाराचा आधार वापरला, आणि फ्रान्समध्ये लव्हाशे यांनी कमरेच्या आधारापासून डोक्यावरून पुढे वळणारा एक दांडा उभा केला, ज्याच्या टोकाला डोके पट्ट्यांनी टांगलेले असे. जहाजाची डोलकाठी मोडल्यावर तिच्या जागी तात्पुरती उभी करतात त्या काठीचे इंग्रजी नाव पुढे या साधनाला पडले, आणि ते नाव चपखल होते. डच लष्करी वैद्य अँटोनियस माथाइसेन यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभी प्लास्टरचे बंध प्रचारात आणले, आणि पुढे न्यूयॉर्कचे लुई सेयर यांनी रुग्णाला टांगून त्याच्या धडाभोवती प्लास्टरचे जाकीट घडवण्याची आणि मानेचा रोग असेल तर त्याच जाकिटात डोके टांगणारा दांडा रोवण्याची पद्धत रूढ केली. १८७७ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला.

याच काळात लिव्हरपूलच्या बंदरवस्तीत ह्यू ओवेन थॉमस हे गृहस्थ काम करीत होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवण्याचा धंदा चालत आलेला होता, म्हणजे आपल्याकडील हाडवैद्यांशी त्यांचे नाते नावापुरते नव्हे तर कामाचेच होते; थॉमस स्वतः मात्र रीतसर वैद्यकी शिकले. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती मिळाली पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि मानेसाठी त्यांनी आणलेली, हनुवटीला वर तोलून धरणारी उंच, मऊ भरणाची कॉलर त्याच सिद्धान्तातून निघाली. पट्टा जितका जास्त दिवस तितका चांगला, ही पुढे शंभर वर्षे टिकलेली समजूत मुख्यतः या शिकवणुकीतून आली आहे. क्षयाच्या बाबतीत तिला आधारही होता, कारण औषध नसलेल्या त्या रोगात हाड घट्ट होण्यास महिने नव्हे, वर्षे लागत. चूक झाली ती पुढे, जेव्हा वेगळ्या आजारांना आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मानेलाही तेच माप लावले गेले.

मानेच्या मणक्यांना आतून बांधण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न १८९१ मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे बर्थोल्ड हाड्रा यांनी केला. मानेचे मणके सरकलेल्या एका रुग्णाच्या मणक्यांची मागची टोके त्यांनी चांदीच्या तारेने एकमेकांना बांधली. तार हाडाला धरून ठेवू शकते, पण कायम नाही. सतत वाकणाऱ्या भागात धातू थकतो आणि तुटतो, म्हणून तारेच्या जोडीला हाडाने हाडाला जुळणे आवश्यक असते. १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनी स्वतंत्रपणे मणके हाडाने सांधण्याच्या पद्धती मांडल्या, आणि त्यानंतर कण्याच्या शस्त्रक्रियेचे उद्दिष्टच बदलले. शेजारच्या दोन मणक्यांमध्ये हाडाचा तुकडा कलमासारखा रुजवायचा आणि तो रुजेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा महिने, दोन्ही मणके हलू द्यायचे नाहीत, हे ते उद्दिष्ट होय. झाडाचे कलम जसे वाऱ्याने हलत राहिले तर जीव धरत नाही, तसेच हाडाचेही आहे. आणि हे न हलू देण्याचे काम आत कोणी करीत नसल्यामुळे ते सगळे बाहेरच्या पट्ट्यावर आणि प्लास्टरवर येऊन पडले. डोक्यापासून कमरेपर्यंत घडवलेल्या आणि रोमन देवतेच्या शिरस्त्राणावरून मिनर्व्हा असे नाव पडलेल्या प्लास्टरच्या जाकिटात रुग्णांनी महिनेच्या महिने काढले, ते या कारणाने.

बाहेरच्या आधाराचा कळस मात्र पोलिओच्या साथीने गाठला. कॅलिफोर्नियातील रॅंचो लॉस अमिगोस या रुग्णालयात १९५० च्या दशकात असे अनेक रुग्ण होते की ज्यांच्या मानेचे सर्व स्नायू लुळे पडून डोके छातीवर किंवा पाठीवर कोलमडत असे. त्यांच्या मानेचे सगळे मणके मागून सांधून टाकावेत, हा उपाय व्हर्नन निकल आणि जॅकलिन पेरी यांनी योजला. पण सांधलेले हाड जुळेपर्यंत डोके धरायचे कसे, हा प्रश्न होता, कारण लुळ्या मानेवर कोणताही पट्टा टिकत नव्हता. त्यांनी कवटीभोवती धातूचे कडे बसवले, ते चार खिळ्यांनी कवटीच्या बाहेरच्या थरात रोवले आणि उभ्या दांड्यांनी धडावरच्या प्लास्टरला जोडले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही युक्ती, डोक्याभोवतीच्या तेजोवलयावरून हेलो म्हणून ओळखली जाते. पट्ट्याची मूळ अडचण, म्हणजे मध्ये येणारी कातडी, तिने एका झटक्यात ओलांडली: आधार प्रथमच थेट हाडाला मिळाला. त्याची किंमतही होती. खिळ्यांच्या भोकांना संसर्ग होणे, ते सैल होणे आणि वृद्धांत गिळण्याचा व श्वासाचा त्रास होणे या तक्रारी आजही त्याच्याशी जोडलेल्या आहेत.

त्याच दशकात शस्त्रक्रियेची दिशा अक्षरशः उलटली. मणका आणि त्याच्या शेजारच्या मणक्यामधली चकती, जिला बोलीत गादी म्हणतात, ती झिजून मागे सरकली की मज्जारज्जूवर किंवा हातात जाणाऱ्या नसेवर दाब येतो. जॉन्स हॉपकिन्स येथील रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ मध्ये आणि होनोलुलूचे राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये गळ्याच्या पुढून, अन्ननलिका आणि श्वासनलिका एका बाजूला सारून, चकतीपर्यंत पोहोचण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. चकती काढून तेथे कमरेच्या हाडाच्या कंगोऱ्यातून घेतलेला तुकडा पाचरीसारखा ठोकून बसवायचा, हा त्यांचा गाभा. हा तुकडा नुसत्या दाबाने आणि घर्षणाने जागेवर राही. मान मागे झुकली की दोन मणक्यांमधली फट पुढून उघडे आणि पाचर निसटून अन्ननलिकेकडे येण्याची भीती असे. या पहिल्या पिढीच्या शस्त्रक्रियेत कडक पट्टा ही सवय नव्हती, ती गरज होती, आणि त्या पट्ट्याने कलम रुजण्यास खरोखर हातभार लावला, असे मानणे रास्त आहे.

पट्ट्याचे साहित्यही पुढे बदलले. चामडे, बकले आणि नाड्या जाऊन त्यांच्या जागी हलका, बंद बुडबुड्यांचा प्लास्टिक फेस आला आणि दोन भागांची ती कॉलर रूढ झाली जी फिलाडेल्फिया या नावाने आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावच्या औषधदुकानातही टांगलेली दिसते: पुढचा भाग हनुवटीखाली वाटीसारखा, त्याच्या मध्यावर श्वासनलिकेसाठी भोक, मागचा भाग कवटीला टेकणारा, आणि दोन्ही कडांना खरखरीत व मऊ पृष्ठांचे एकमेकांना चिकटणारे पट्टे. ती किती धरते, याचे मोजमाप येल विद्यापीठातील जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ४४ निरोगी माणसांवर केले, आणि ते आकडे पट्ट्याच्या इतिहासात निर्णायक आहेत. फेसाच्या मऊ कॉलरीत पुढे-मागे वाकण्याची सुमारे तीन चतुर्थांश हालचाल तशीच उरते. फिलाडेल्फिया कॉलरीत ती सुमारे २९ टक्क्यांवर येते, पण बाजूला कलण्याची दोन तृतीयांश हालचाल शिल्लक राहते. हेलोत मात्र अवघे चार टक्के उरते. म्हणजे गळ्यातला पट्टा मान जखडतो हा समज मोजमापाला उतरत नाही. तो हालचालीला आवर घालतो, मान सांभाळायची आहे याची आठवण देतो आणि डोक्याचे थोडे वजन आपल्याकडे घेतो.

याच्या पुढच्या दोन दशकांत आतला आधार पक्का झाला. मणक्यांच्या पुढच्या पृष्ठभागावर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूंनी बसवण्याची पद्धत १९८० च्या दशकात वोल्फहार्ड कास्पर यांच्या पट्टीने रूढ झाली, आणि त्याच दशकात स्क्रू पट्टीतच अडकून राहतील अशी टायटॅनियमची रचना आली, त्यामुळे ते सैल होऊन अन्ननलिकेत रुतण्याचा धोका घटला. या कहाणीतला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईचा आहे. पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा निखळला तर पूर्वी त्यांचे मागचे भाग तारेने बांधीत, आणि तार वळण्याच्या हालचालीला पुरेशी आवरत नसल्यामुळे रुग्णाला हेलोसारखा कडक आधार महिनोन्‌महिने वागवावा लागे. केईएम रुग्णालयातील अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्याची पद्धत विकसित केली आणि १९९४ मध्ये लाहेरी यांच्यासह ती प्रसिद्ध केली. युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये तीत फेरफार केले आणि जगभर ती दोघांच्या नावांनी ओळखली जाते. कवटीत खिळे ठोकून जे साधायचे ते सांध्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या स्क्रूंनी साधले, आणि अनेक रुग्णांची हेलोतून सुटका झाली. पट्ट्याचा इतिहास लिहिताना या घटनेला जितके स्थान मिळायला हवे तितके ते मिळालेले नाही.

आतला आधार पक्का झाल्यावरही बाहेरचा पट्टा राहिला, आणि तो का राहिला याची तपासणी उशिरा सुरू झाली. अमेरिकेत कृत्रिम चकतीची चाचणी चालू असताना तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांची एकाच पातळीवर, म्हणजे शेजारच्या मणक्यांच्या एकाच जोडीत, पट्टी घालून मणके सांधण्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यांना कॉलर द्यायची की नाही हे शल्यविशारदांवर सोपवले होते. कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा २५७ रुग्णांची माहिती मांडली, तेव्हा कॉलर घातलेल्यांत हाड अधिक प्रमाणात जुळले असे दिसले नाही, आणि दोन वर्षांनंतरच्या त्रासातही कॉलरीचा फायदा आढळला नाही. वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा आहे, परंतु पट्टीने धरलेल्या एका पातळीला बाहेरून आणखी धरण्याची आवश्यकता नाही, हा त्याचा रोख पुढच्या अभ्यासांनी मोडून काढलेला नाही.

मग पट्टा निरुपयोगी ठरतो का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, पट्टी न घालता चकतीच्या जागी नुसता पिंजरा, म्हणजे हाडाला आधार देणारे पोकळ साधन, बसवलेल्या ३३ रुग्णांची चिठ्ठ्यांनी वाटणी करून काहींना सहा आठवडे कडक कॉलर दिली गेली, आणि सुरुवातीच्या वेदना व अडचणी कॉलर घातलेल्यांत कमी आढळल्या. संशोधकांनी यावरून एवढेच म्हटले की थोड्या काळासाठी दिलेली कॉलर काही रुग्णांना सुरुवातीचे दुखणे सोसण्यास मदत करू शकते. शस्त्रक्रिया न झालेल्या, पण नस दबून हात दुखणाऱ्या २०५ रुग्णांवरील २००९ च्या डच अभ्यासातही काही आठवड्यांच्या कॉलरीने दुखणे लवकर ओसरले होते. म्हणजे पट्टा दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो, हाड जुळण्यासाठी आणि दुखणे निभावण्यासाठी, आणि पहिले काम धातूने घेतल्यावरही दुसरे त्याच्याकडे उरते. ही दोन कामे एकमेकांत मिसळल्यामुळेच दुखणे थांबलेले रुग्ण, कॉलर काढली तर आतले हाड सरकेल या धास्तीने, ती महिनोन्‌महिने गळ्यात वागवतात. अशा वेळी मानेचे स्नायू अशक्त होतात, हनुवटीखाली आणि कवटीच्या मागे कातडी सोलवटते, घास गिळणे जड जाते, आणि पायाखालची पायरी न दिसल्यामुळे पडण्याची भीती वाढते. सुश्रुताने घट्ट बंधनाबद्दल दिलेला इशारा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

जपानमधील अनुभव याला पूरक आहे. टोकियोतील कियो विद्यापीठाच्या हिराबायाशी यांनी १९७७ मध्ये मणक्यांची मागची कमान दारासारखी उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया आणली, जिच्यात मणके सांधले जात नाहीत. तरीही रुग्णांना दोन-तीन महिने कॉलर देण्याची प्रथा पडली, आणि मान आखडणे व खांद्यांपर्यंत पसरणारे दुखणे यांच्या तक्रारी वाढल्यावर तिथल्याच शल्यविशारदांनी तो काळ काही आठवड्यांवर आणला व मानेचे व्यायाम लवकर सुरू केले. पुढे हाँगकाँगमध्ये चिठ्ठ्यांनी वाटणी करून झालेल्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या कॉलरीने पहिल्या काही आठवड्यांतले दुखणे कमी झाले, पण त्यानंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही.

असे असले तरी ठिसूळ हाडे, अनेक पातळ्यांवरची लांब जोडणी, अपघातात मोडलेला मणका, किंवा हाडात स्क्रूला पुरेशी पकड न मिळालेला रुग्ण यांच्यासाठी आतला आधार अजूनही अपुरा पडू शकतो, आणि तेथे शल्यविशारद कडक पट्टा सांगतात तो निव्वळ सवयीने नव्हे. ज्या रोगासाठी पट्टा मुळात घडवला गेला, तो मानेच्या मणक्यांचा क्षयही युरोपातून जवळजवळ गेला असला तरी भारतात टिकून आहे. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत अशी मुले आणि तरुण माणसे आजही येतात. त्यांतल्या अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, क्षयाची औषधे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात, आणि पोखरलेले हाड औषधाने भरून येईपर्यंतच्या त्या महिन्यांत डोक्याचा भार पट्टाच वाहतो.